चुकीला माफी नसलेलं ॲप

यूपीआयवर पैसे पाठवताना आपण किती गोष्टी गृहीत धरतो, ते क्रिप्टोचं वॉलेट पहिल्यांदा उघडल्यावर कळतं. यूपीआयमध्ये मोबाइल नंबर टाकला की समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. पिन विसरला तर डेबिट कार्डाच्या आधारे नवा करता येतो. फोन चोरीला गेला तरी खातं बँकेत शाबूत असतं. पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत, तर बहुधा परत येतात. न आले तर भांडायला बँक आहे आणि बँकेच्या वर लोकपाल आहे.

स्वतःची किल्ली स्वतःकडे ठेवणाऱ्या वॉलेटमध्ये यातलं काहीच नाही. ते नाव विचारत नाही, ओटीपी मागत नाही. ‘नवीन वॉलेट’ या बटणावर बोट ठेवलं की फोन एक प्रचंड यादृच्छिक संख्या निवडतो. शक्यता किती? ३४ वर ३७ शून्यं, इतक्या. त्या संख्येतून किल्ली तयार होते, किल्लीतून पत्ता. पैसे त्या ॲपमध्ये नसतातच. ते जगभरच्या हजारो संगणकांवर सारख्याच नोंदी असलेल्या एका खातेवहीत असतात, आणि ती नोंद हलवण्याचा हक्क फक्त किल्लीला असतो. किल्ली हरवली तर पैसे दिसत राहतात, पण हलत नाहीत. किल्ली दुसऱ्याच्या हाती पडली तर ते काही सेकंदांत हलतात आणि परत मागायला कोणी नसतं.

मोबाइल ॲप बनवणाऱ्यांना गेली पंधरा-वीस वर्षं एकच धडा घोकवला गेला आहे: वापरणाऱ्याच्या वाटेतले खडे उचला. एक पायरी कमी करा, एक बटण कमी करा. वॉलेटच्या बाबतीत हा धडा अर्धाच खरा ठरतो. नवशिक्यासाठी वॉलेट घडवायचं तर बहुतेक वाट मोकळी करावी लागते, आणि दोन-तीन ठिकाणी मात्र मुद्दाम अडसर घालावा लागतो. वाईट वॉलेटमध्ये नेमकं उलटं दिसतं. जिथं भराभर पुढे जायचं तिथं ते इशाऱ्यांचा पाऊस पाडतं, आणि जिथं थांबवायला हवं तिथं मोठं निळं बटण पुढे करतं.

हा प्रश्न क्रिप्टोहून जुना आहे. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या दोन संशोधकांनी पीजीपी ५.० या ईमेल गुप्त करणाऱ्या प्रोग्रामची चाचणी घेतली. त्या काळाच्या मानाने त्याचे पडदे चांगले समजले जात. १२ जणांना ९० मिनिटं दिली. सही करून, नीट कुलूपबंद करून निरोप पाठवणं त्यांपैकी फक्त एक-तृतीयांश लोकांना जमलं, आणि तिघांनी तर गुप्त ठेवायचा मजकूर चुकून उघडाच धाडून दिला. संशोधकांचं निदान मार्मिक होतं: सुरक्षेची साधनं इतर सॉफ्टवेअरसारखी हाताळून, चुकतमाकत शिकता येत नाहीत, कारण गुपित एकदा क्षणभर जरी उघडं पडलं, तरी ते कोणी पाहिलं की नाही हे नंतर कळायला मार्ग नसतो. आपल्याकडे याला ‘बैल गेला अन् झोपा केला’ म्हणतात. त्यांनीही गोठ्याच्या दाराचंच उदाहरण घेतलं आहे.

वॉलेटमधलं हे दार म्हणजे बारा शब्द.

कशीही दिसणारी लांबलचक संख्या माणसाने बिनचूक उतरवून घ्यावी, ही अपेक्षाच चुकीची होती. २०१३ मध्ये बीआयपी-३९ नावाचा प्रस्ताव आला. त्याच्या कर्त्यांमध्ये प्रागच्या सातोशीलॅब्सची मंडळी होती. पुढे २०१४ मध्ये ट्रेझर हे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली सांभाळणारं वेगळं उपकरण, त्यांनीच बाजारात आणलं. २०४८ साध्या शब्दांची एक ठरलेली यादी आणि तिच्यातून निवडलेले १२ किंवा २४ शब्द, अशी ती पद्धत. प्रत्येक शब्द ११ बिट्स सांभाळतो. बाराचे झाले १३२. त्यातले १२८ मूळ संख्येचे आणि उरलेले ४ पडताळणीचे. एखादा शब्द चुकीचा लिहिला गेला, तर बहुतेक वेळा ॲपला ते लगेच कळतं.

पण खरी कारागिरी शब्दांच्या निवडीत आहे. इंग्रजी यादीतल्या कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. त्यामुळे चार अक्षरं टाकली की शब्द पक्का होतो. ‘वुमन’ आणि ‘विमेन’ यांसारख्या गोंधळात पाडणाऱ्या जोड्या मुद्दाम टाळल्या आहेत. यादी स्पॅनिश, जपानी, कोरियन, चिनी, फ्रेंच, इटालियन, झेक, पोर्तुगीज या भाषांतही आहे. हिंदीत नाही, मराठीत नाही. म्हणजे साताऱ्याच्या माणसालाही ॲप इंग्रजी शब्दच देतं. इथं मराठी पडदे बनवणाऱ्याने काळजी घ्यायची आहे ती अशी, की शब्द वहीत देवनागरीत उतरवू नका, दिसतात तशी रोमन अक्षरंच लिहा, हे त्याच पडद्यावर सांगावं. उच्चारावरून स्पेलिंग परत बांधायला गेलं की पहिली चार अक्षरंही डळमळतात. मराठी यादी करावी असं सुचवायचा मोह होतो, पण ऱ्हस्व-दीर्घाचे आपले घोळ, आणि एकच अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलं जाण्याची शक्यता पाहता, मला तो उत्साह तूर्त आवरावासा वाटतो. शिवाय ती यादी जगातली इतर वॉलेटं ओळखणार नाहीत. म्हणजे ॲप बंद पडलं की शब्द असूनही माणूस अडकला.

आता प्रश्न हे शब्द दाखवायचे केव्हा, याचा. बरीच वर्षं रिवाज असा होता की ॲप उघडल्या उघडल्या, दुसऱ्याच पडद्यावर बारा शब्द. खात्यात शून्य रुपये असलेल्या माणसाला सांगायचं की हे जिवापाड जपा. तो काय करतो? स्क्रीनशॉट काढतो आणि ‘पुढे’ दाबतो. तो फोटो आपोआप क्लाउडवर चढतो. २०२५ च्या सुरुवातीला कॅस्परस्कीच्या संशोधकांना गुगल आणि ॲपल या दोन्हींच्या ॲप स्टोअरमध्ये अशी ॲप्स सापडली, जी फोनमधल्या फोटोंमधला मजकूर वाचून हेच शब्द शोधत होती. अँड्रॉइडवर तेवढ्या पडद्यापुरता स्क्रीनशॉट बंद करता येतो आणि तो करावाच. पण रोग वेळेच्या निवडीत आहे. पैसे नसताना दिलेला इशारा कोणी वाचत नाही. म्हणून अनेक चांगली वॉलेटं आता शब्द मागे ठेवतात. पहिली रक्कम आली, की वर एक पट्टी येते: ‘फोन हरवला तर हे पैसे परत मिळवण्याची सोय अजून केलेली नाही.’ रक्कम वाढत गेली, तशी ती पट्टी अधिक हटवादी होते. या वेळी माणूस कागद-पेन शोधतो, कारण गमवायला काहीतरी असतं.

शब्द जपण्याची जबाबदारी अर्थात एकट्या वापरणाऱ्याची नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना या जाळ्यावरची हजारो वॉलेटं एका रात्रीत रिकामी झाली. तपासात निघालं ते असं: स्लोप नावाचं ॲप आपल्या बिघाडांच्या नोंदी एका सर्व्हरवर पाठवत होतं, आणि त्या नोंदींत लोकांचे गुप्त शब्द साध्या, वाचता येईल अशा मजकुरात जात होते. पडदे कितीही देखणे असोत, आत असली गळती असली तर सगळं व्यर्थ.

या धंद्यातले कडवे लोक म्हणतात, किल्ली स्वतःकडे नसेल तर नाणी तुमची नाहीतच. इतिहास त्यांच्या बाजूने आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजने, म्हणजे ग्राहकांची नाणी आणि किल्ल्या स्वतःकडे ठेवणाऱ्या बाजाराने, हात वर केले तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं. त्यातले सुमारे दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. डिसेंबर २०१८ मध्ये कॅनडातल्या क्वाड्रिगासीएक्स या एक्स्चेंजचा संस्थापक जेराल्ड कॉटन जयपूरमध्ये वारला, आणि किल्ल्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या असं ग्राहकांना कळवण्यात आलं. ऑन्टॅरिओच्या नियामकांनी २०२० मध्ये अहवाल दिला, तेव्हा दिसलं की नुकसानीचा मोठा भाग कॉटनने जिवंतपणीच केलेल्या फसवणुकीतून झाला होता.

पण दुसऱ्या बाजूचाही हिशेब आहे. स्टीफन थॉमस हा पट्टीचा प्रोग्रामर. बिटकॉइन समजावणारा एक व्हिडिओ केल्याबद्दल त्याला बिटकॉइनमध्ये मोबदला मिळाला होता. त्याच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली ज्या पेन ड्राइव्हमध्ये होती, तो दहा चुकीच्या पासवर्डनंतर कायमचा बंद होणारा होता. पासवर्डचा कागद हरवला. २०२१ च्या जानेवारीत ही गोष्ट जगाला कळली, तेव्हा आठ प्रयत्न संपले होते. त्याच्यासारख्याची ही गत, तर दहावीच्या निकालपत्राची मूळ प्रतही ऐनवेळी न सापडणाऱ्या आपल्यासारख्यांचं काय?

माझं मत असं, की नवशिक्याला पहिल्याच दिवशी कागदावरच्या बारा शब्दांवर सोडणं हे तत्त्वनिष्ठेच्या नावाखाली केलेलं दुर्लक्ष आहे. थोड्या रकमेसाठी किल्लीची कुलूपबंद प्रत त्याच्याच क्लाउडमध्ये ठेवावी आणि ती उघडणारा पासवर्ड वेगळा असावा. रक्कम वाढली की मग कागद, त्याहून वाढली की हार्डवेअर वॉलेट. आर्जेंट या वॉलेटने आणखी एक रस्ता दाखवला: विश्वासातली काही माणसं पालक म्हणून नेमायची, आणि फोन गेला तर त्यांतल्या बहुतेकांनी मिळून नव्या फोनला मान्यता द्यायची. इथेरियम या जाळ्याचे एक संस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी जानेवारी २०२१ मध्ये याच पद्धतीच्या बाजूने मोठा लेख लिहिला. मार्च २०२३ मध्ये इथेरियमवर आलेल्या ईआरसी-४३३७ या मानकामुळे अशी खाती बांधणं पुष्कळ सोपं झालं. पालकांची कल्पना आपल्याकडे रुजायला हरकत नाही. भाऊ, वहिनी, कॉलेजचा मित्र अशी नावं सुचायला वेळ लागत नाही. मात्र सगळे पालक एकाच घरात राहणारे आणि एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवरचे असतील, तर ती एकच व्यक्ती धरावी, हे ॲपने स्पष्ट सांगायला हवं. एक्स्चेंजवर खातं असेल, तर त्या पडद्यावर ‘तुमचं वॉलेट’ असं न लिहिता ‘तुमचे पैसे अमुक कंपनीकडे आहेत’ असं लिहावं. हे एक वाक्य लिहायला किती कंपन्या धजावतील, कोण जाणे.

पैसे पाठवण्याचा पडदा हे मुद्दाम अडसर घालण्याचं दुसरं ठिकाण. बिटकॉइनचा पत्ता म्हणजे अक्षर-अंकांची लांब माळ. तिच्या मूळ, जुन्या रूपात एक शहाणपण आहे: शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल ही एकमेकांसारखी दिसणारी चिन्हं वगळलेली आहेत. पडताळणीची अक्षरंही आत असल्याने टाइप करताना एखादं चुकलं तर ॲप पत्ताच नाकारतं. यंत्राच्या बाजूने काम चोख झालं. घोळ केला तो आम्हा सुबकतेच्या पुजाऱ्यांनी. इथेरियमचा पत्ता सुरुवातीच्या खुणेपुढे ४० चिन्हांचा. तो पडद्यावर मावत नाही म्हणून जवळजवळ सगळ्या वॉलेटांनी पहिली चार, शेवटची चार आणि मध्ये टिंबं अशी पद्धत घेतली. लोकांना तेवढंच पाहायची सवय लागली, आणि चोरांनी ती सवय हेरली. तुमच्या नेहमीच्या पत्त्याशी पुढून-मागून जुळणारा पत्ता तयार करायचा, त्यावरून तुम्हाला क्षुल्लक रक्कम पाठवायची, म्हणजे तो तुमच्या व्यवहारांच्या यादीत येऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून पत्ता कॉपी करता, तो चोराचा. मे २०२४ मध्ये एकाने अशाने सुमारे ६.८ कोटी डॉलर एका फटक्यात पाठवून दिले. चोराने पुढे बहुतेक रक्कम परत केली, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

उपाय साधे आहेत आणि थोडे कुरूपही. पत्ता पूर्ण दाखवा, चार-चार अक्षरांचे गट पाडून. इतिहासातून कॉपी करण्याऐवजी नाव देऊन जतन केलेल्या पत्त्यांतून निवडायला लावा. नव्या पत्त्यावर मोठी रक्कम जात असेल तर ‘आधी थोडे पाठवून पाहा’ हे बटण ठळक ठेवा. पत्त्याचं जाळं आणि नाण्याचं जाळं जुळत नसेल तर पाठवूच देऊ नका. टिथर हे नाणं ट्रॉन या जाळ्यावरही चालतं आणि इथेरियमवरही, आणि ही दोन वेगळी गावं आहेत हे नवशिक्याला माहीत असायचं काही कारण नाही. आणि खाली लिहायचं वाक्य ‘हा व्यवहार अपरिवर्तनीय आहे’ असं नको. ‘पाठवलेले पैसे परत मागता येणार नाहीत’ असं लिहा. ते आजीलाही कळतं.

सगळ्यात अवघड पडदा सहीचा. पैसे पाठवणं त्या मानाने सरळ असतं. पण इथेरियमसारख्या जाळ्यांवर एखाद्या संकेतस्थळाशी वॉलेट जोडलं, की ते तुमच्याकडून सह्या मागतं, आणि सही कशावर करतो आहोत ते अनेकदा सांकेतिक आकड्यांच्या भेंडोळ्यात दडलेलं असतं. ‘माझ्या खात्यातून हे नाणं कितीही उचल’ अशी कायमची परवानगीसुद्धा ‘अप्रूव्ह’ या एका निरुपद्रवी शब्दामागे बसते. बनावट संकेतस्थळांचा बराचसा धंदा याच बटणावर चालतो.

यात फक्त भोळे फसतात असं नाही. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलर गेले. हे पैसे ज्या वॉलेटमध्ये होते, ते अनेकांच्या सह्यांशिवाय उघडत नसे. पण सह्या करणाऱ्यांसमोरच्या पडद्यातच फेरफार केलेला होता. त्यांना नेहमीचा व्यवहार दिसला, आणि सही झाली ती वॉलेटचा ताबा देणाऱ्या वेगळ्याच आदेशावर. एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. त्याआधी १८ जुलै २०२४ रोजी भारतातल्या वझीरएक्सचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले, तेव्हाही कंपनीचं म्हणणं हेच होतं, की पडद्यावर दिसलं एक आणि सही झाली दुसऱ्यावर. तो पडदा पुरवणाऱ्या कंपनीने मात्र दोष आपल्या यंत्रणेचा नसल्याचं सांगितलं. भांडण कोणाच्याही बाजूने सुटो, ज्यांची नाणी गेली ते ग्राहक कोणत्याच पडद्यासमोर नव्हते.

म्हणून सहीच्या पडद्यावर वॉलेटने व्यवहार आधी स्वतः चालवून पाहावा आणि परिणाम सांगावा: ‘सही केली तर तुमच्याकडून इतकं जाईल, तुम्हाला इतकं मिळेल.’ कितीही उचलण्याची परवानगी मागितली असेल, तर ॲपने ती आपणहून आजच्या रकमेपुरती कापून पुढे ठेवावी. आणि परिणाम सांगता येत नसेल तर? तर नवशिक्याच्या ॲपमध्ये सहीचं बटणच नसावं. तज्ज्ञ यावर चिडतील. त्यांच्यासाठी दुसरी वॉलेटं आहेत.

इतर गोष्टी त्या मानाने किरकोळ, पण अंगावर येणाऱ्या. बिटकॉइनचं शुल्क रकमेवर ठरत नाही. व्यवहार किती जागा व्यापतो आणि त्या घटकेला गर्दी किती, यावर ठरतं. २० एप्रिल २०२४ रोजी सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या पुढे गेलं होतं. त्या दिवशी दोनशे रुपये पाठवायला निघालेल्याला ॲपने थांबवायला हवं होतं. रक्कम रुपयांत, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह दाखवावी. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. दशांशापुढची शून्यं मोजायला लावण्यापेक्षा सातोशीचे पूर्णांक बरे. आणि भारतात करांचा हिशेब. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि एक नाणं देऊन दुसरं घेणं हीसुद्धा विक्रीच समजली जाते. त्यामुळे ‘बदला’ या बटणाखाली तसं लिहिणं आणि वर्षाचा हिशेब उतरवून घेण्याची सोय ठेवणं हे इथल्या ॲपचं कामच आहे.

सोपेपणालाच सगळं समजलं तर काय होतं, याचा मोठा प्रयोग एल साल्व्हादोरने केला. ७ सप्टेंबर २०२१ रोजी तिथं बिटकॉइन कायदेशीर चलन झालं आणि सरकारने चिवो नावाचं वॉलेट आणलं. नोंदणी करणाऱ्याला ३० डॉलर भेट. बारा शब्द नाहीत, किल्लीची भानगड नाही, शुल्क नाही. पहिल्याच दिवशी भार न सोसल्याने ॲप काही वेळ बंद ठेवावं लागलं. आपल्या ओळखपत्राच्या क्रमांकावर कोणीतरी आधीच नोंदणी करून भेट लाटली, अशा तक्रारी आल्या. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी १,८०० घरांची पाहणी केली, तेव्हा ॲप घेतलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोकांनी ते ३० डॉलर संपल्यावर एकही व्यवहार केला नसल्याचं दिसलं. लोकांनी कारणं सांगितली ती बटणांच्या रंगाबद्दल नव्हती. रोकड बरी वाटते, हे प्रकरण समजत नाही, विश्वास बसत नाही, अशी होती.

तेव्हा वॉलेट नवशिक्याला जमतं का, हे नोंदणी किती सेकंदांत झाली यावरून ठरवू नये. चाचणी घ्यायची तर अशी घ्यावी. कधीच क्रिप्टो न हाताळलेल्या माणसाच्या हाती ॲप आणि थोडी रक्कम द्यावी आणि गप्प बसावं. त्याला कोणाला तरी पैसे पाठवू द्यावेत. मध्येच ‘कस्टमर केअर’ म्हणून फोन करून बारा शब्द मागावेत, आणि तो देतो का पाहावं. दोन आठवड्यांनी त्याला बोलवावं, फोनवरून ॲप काढून टाकायला सांगावं आणि दुसऱ्या फोनवर पैसे परत आणायला लावावेत. हीच रंगीत तालीम खऱ्या ॲपमध्येही ठेवता येते. रक्कम दहा हजारांवर गेली की ॲपने शब्द एकदा परत टाकून दाखवायला सांगावं, आणि ते जमेपर्यंत ‘आणखी पैसे भरा’ हे बटण करडंच ठेवावं.